पेन्सिल खाणाऱ्या मुलीचा जाहीर सत्कार

आभारप्रदर्शन कार्यक्रमाच्या शेवटी असतं आणि तोवर लोक चपला शोधायला लागलेले असतात. म्हणून मी ते आधीच उरकून घेते. आमच्या फ्लॅट स्कीममधल्या सोळा कुटुंबांचे, त्यातही गणपतकाका आणि कुसुमताईंचे, शाळेच्या ऑफिसातल्या क्लार्कबाईंचे आणि इतवारीतल्या त्या स्टेशनरीवाल्याचे मी मनापासून आभार मानते. या सगळ्यांनी मिळून माझी जी काही फजिती केली, ती एकट्यादुकट्याच्या आवाक्यातली नव्हती.

आता गोष्ट. मला पाटीवरची पेन्सिल खायची सवय होती. चोखायची नाही, कुरतडायची नाही, खायची. पांढरी करकरीत पेन्सिल दाढेखाली धरली की कट् असा आवाज येतो आणि तोंडभर ओल्या भिंतीची चव पसरते. ज्यांनी खाल्ली आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही त्यांना सांगून उपयोग नाही. माल घरातच होता. माझी आई अंगणवाडी सेविका आहे आणि अंगणवाडीच्या पाटी-पेन्सिलींचा डबा आमच्या दिवाणाखाली असायचा. गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या वॉर्डातली पोरं 'अ' गिरवण्यात मागं पडली असतील, तर त्याला मी जबाबदार आहे.

सातवीपासून हे सुखात चाललं होतं, पण नववीत मी अचानक खो-खोत चांगली निघाले. हे घरात कोणालाच अपेक्षित नव्हतं, मला तर मुळीच नव्हतं. आमच्या खेळाच्या सोनिका मॅडमनी मला एकदा पळवून पाहिलं आणि तोंडातली शिट्टी काढून म्हणाल्या, "इतके दिवस कुठं लपून राहिली होती वं तू?"

शेवटच्या बाकावर, मॅडम. पण त्या दिवसापासून मी तिसऱ्या बाकावर बसायला लागले, वर्गात हात वर करायला लागले (उत्तर येत नसलं तरी), आणि जिल्हास्तरीय स्पर्धेच्या संघात बारा मुलींमध्ये माझं नाव लागलं. नावाच्या यादीचा फोटो मी अकरा जणांना पाठवला. त्यातल्या चौघांना मी नीट ओळखतही नव्हते.

संघाला तंदुरुस्तीचा दाखला लागतो आणि दाखल्याला रक्त. डॉक्टरबाईंनी माझ्या बोटाला टोचलं, आकडा बघितला, माझी खालची पापणी ओढून आत बघितलं आणि विचारलं, "माती, खडू, असं काही खातेस का?"

"छे!" मी म्हणाले.

त्यांनी कापसाचा बोळा पुढे केला. माझ्या ओठाच्या कोपऱ्यात पांढरं लागलं होतं.

"हिमोग्लोबिन आठ पूर्णांक चार आहे. दहा तरी पाहिजे," असं म्हणून त्यांनी चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या. पहिली ओळ, पेन्सिल खाणे बंद. दुसरी ओळ, लोहाची गोळी रोज एक. "दोन महिन्यांनी परत ये. दहा भरलं तर खेळशील. नाही भरलं तर बाहेर बसून टाळ्या वाजवशील."

मला टाळ्या वाजवायच्या नव्हत्या. नऊ वर्षं मी शाळेत दुसऱ्यांसाठीच टाळ्या वाजवल्या होत्या.

घरी आईनं चिठ्ठी वाचली आणि मटकन दिवाणावर बसली, नेमकी डब्याच्या वर. "अख्ख्या वॉर्डातल्या बायांले मी सांगत फिरते, पालक खा, गूळ खा, गोळ्या घ्या. अन् माह्याच घरात आठ!"

"आठ पूर्णांक चार," मी दुरुस्ती केली. ती करायला नको होती.

पप्पा पाटबंधारे खात्यात कारकून आहेत. त्यांना कागदावरची पहिली ओळ म्हणजे विषय आणि बाकी सगळं पाल्हाळ वाटतं. तेव्हा त्यांनी पहिली ओळ वाचली, आणि मग सगळ्या जगानं पहिलीच ओळ वाचली. दुसऱ्या ओळीबद्दल कोणी विचारलंच नाही. ज्या घरात गोळ्या वाटणारी बाई राहते, तिथं गोळी घेतली जातच असणार, असं सगळ्यांनी धरलं. मीही कोणाचा गैरसमज दूर करायच्या फंदात पडले नाही. लोहाची गोळी म्हणजे कुलूप चाटल्यासारखी लागते हो.

सवय सुटायला किती दिवस लागतात, हा प्रश्न पप्पांनी पार्किंगमध्ये स्कूटर पुसता पुसता सहज विचारला. नागपुरात कोणताच प्रश्न सहज विचारू नये. पाच मिनिटांत सहा माणसं जमली. कुसुमताई आमच्या स्कीमच्या सेक्रेटरी आहेत आणि पाच वर्षांच्या पोरापासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणतात. त्या म्हणाल्या, चाळीस दिवस. पप्पांनी मोबाईलवर सहासष्ट वाचलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या विश्वनाथ सरांचं मत पडलं की सवय सुटतच नाही, फक्त बदलते, त्यांची स्वतःची विडी सुटून राजकारण लागलं होतं.

"एकवीस!" तळमजल्यावरचे गणपतकाका म्हणाले. ते उमरेडच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले, आवाज अजून खाणीतलाच. "एकवीस दिवसांत सवय सुटते. मी सोता खर्रा एकवीस दिवसांत सोडला."

"कधी?" कुसुमताईंनी विचारलं, कारण काकांच्या गालात त्या क्षणीही खर्रा होता. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून हातानं घासघासून करतात. नागपुरात तो सोडणारे पुष्कळ आहेत, सोडलेला मात्र मी कोणी पाहिला नाही.

"सतरा खेपा सोडला," काका म्हणाले. "मले अनुभव आहे, म्हणून तर सांगून राहिलो."

मग कुसुमताईंच्या डोक्यात ती भयंकर कल्पना आली. आम्ही दोघांनी मिळून सोडायचं. मी पेन्सिल, काकांनी खर्रा. एकमेकांवर लक्ष ठेवायचं, आणि एकानं जरी तोंड मारलं तरी दोघांचेही दिवस पुन्हा एकपासून मोजायचे. काका मला म्हणाले, "काय वं पोट्टे, आहे हिंमत?" माझ्यात हिंमत नुकतीच आली होती आणि नवीन वस्तू माणूस जरा जास्तच वापरतो. मी हात पुढे केला. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर, 'पाण्याची टाकी धुणे' याच्या खाली, 'मयुरा व गणपतराव, दिवस १ ला' असं कुसुमताईंच्या वळणदार अक्षरात झळकलं.

यानंतर मला खाजगी आयुष्य उरलं नाही. लिफ्टमध्ये माणसं "तोंड उघड पाहू" म्हणायची. कोणी बडीशेप दिली, कोणी लवंग, एका काकूंनी भाजलेले फुटाणे दिले आणि "पेन्सिल समजून खा बाई" म्हणाल्या. मी समजूतदार आहे, पण फुटाण्याला पेन्सिल समजणं माझ्याच्यानं झालं नाही. आईनं दिवाणाखालचा डबा अंगणवाडीच्या कपाटात कुलूपबंद केला. गणपतकाका रोज सकाळी सहाला मला मैदानावर सोडायला यायचे, म्हणजे त्यांच्या पानठेल्याच्या वेळेला ते माझ्या नजरेसमोर राहतील. वाटेत त्यांच्या हाताची बोटं रिकामी पन्नी घासल्यासारखी आपोआप हलायची. मला त्यांची फार दया यायची. आणि ओढ म्हणाल तर माझी तसूभरही कमी होत नव्हती. नव्या चुना मारलेल्या भिंतीजवळून मी मान फिरवून जायची.

तरी सोळा दिवस गेले. सतराव्या दिवशी कॉलनीच्या तोंडावर फ्लेक्स लागला. एका बाजूला गणपतकाका हात जोडून, दुसऱ्या बाजूला मी शाळेच्या गणवेशात दोन वेण्या घालून, आणि मध्ये लाल अक्षरात, 'व्यसनमुक्त झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! जाहीर सत्कार रविवारी.' कशाचं व्यसन ते लिहायला जागा उरली नव्हती.

दुसऱ्या दिवसापर्यंत फ्लेक्सचा फोटो शाळेत पोचला होता. मुख्याध्यापिका सत्यवतीबाईंनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर मोबाईल होता आणि मोबाईलमध्ये मी होते.

"मयुरा, तू कशाचं व्यसन करत होतीस?"

"पेन्सिलचं, बाई."

"सांकेतिक भाषा नको," बाई म्हणाल्या.

सोनिका मॅडमनी माझी बाजू घेतली, पण खुलासा लेखी हवा होता. खुलासा मिळेपर्यंत संघातून नाव बाजूला. पप्पा मात्र खूश झाले. वीस वर्षं नोकरी करून पहिल्यांदा त्यांच्या कलेला घरात वाव मिळाला होता. त्यांनी अर्ज लिहिला, 'विषय : पाटीवरची पेन्सिल हा अंमली पदार्थ नसल्याबाबत.' खाली सात मुद्दे होते. ऑफिसातल्या क्लार्कबाईंनी तो चष्मा वर-खाली करून वाचला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. पण नमुना जोडला नाही."

"कशाचा?"

"पेन्सिलचा. वस्तू पाहिल्याशिवाय बाई सही कशी करतील?"

आता गंमत बघा. ज्या मुलीनं पेन्सिलीपासून दूर राहावं म्हणून अख्खी कॉलनी जागत होती, त्या मुलीला सरकारी पद्धतीनं पेन्सिल आणायला धाडण्यात आलं. आईच्या कपाटातली मागायची माझी हिंमत नव्हती. जवळच्या दुकानदारांनी मला वेड्यात काढलं, "पाटीवर कोण लिहिते आता?" तेव्हा शनिवारी शाळा सुटल्यावर मी बसनं इतवारीत गेले. हातगाड्या आणि टेम्पोंच्या मधून वाट काढत होलसेल स्टेशनरीच्या गल्लीत शिरले. स्टेशनरीवाले म्हणाले, "एक नाही मिळत बेटा, डबाच घ्यावा लागेल. चव... म्हणजे लिहून पाहायची आहे का?" जाणकार माणूस होता.

मी एक पेन्सिल नमुना म्हणून दप्तराच्या वेगळ्या कप्प्यात ठेवली. मग विचार केला, नमुना चांगल्यापैकी असावा, म्हणून दुसरी तपासली. तपासली म्हणजे खाल्ली. नंतर तिसरी. आणि गल्लीच्या तोंडाशी, दुकानाच्या खांबाआड उभी राहून डोळे मिटून तिसरी पेन्सिल चावत असताना मला ओळखीचा खाकरा ऐकू आला.

खांबाच्या दुसऱ्या बाजूला गणपतकाका उभे होते. त्यांचा उजवा गाल फुगलेला होता.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. दोघांनाही बोलता येत नव्हतं, दोघांची तोंडं भरलेली.

शेवटी काकांनी गाल रिकामा केला. "मी भांडे घ्यायले आलो होतो," ते म्हणाले. हातात भांडं नव्हतं.

"मी शाळेच्या कामानं," मी म्हणाले. तोंडातून पांढरा धूर निघाला.

"उद्या सत्कार आहे बेटा."

"हो ना काका."

"शाली आणून ठेवल्या कुसुमताईनं. पुरणपोळीले बाया बोलावल्या."

घरी जाताना बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. उतरताना ते म्हणाले, "तू लहान आहेस, तुह्यं समजून घेतील. माह्यं चौसष्टाव्या वर्षी कोण समजून घेईल?" आणि रविवारी गप्प राहायचं आमचं ठरलं.

रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये सतरंज्या, खुर्च्या, माईक. कुसुमताईंनी भाषणात मला 'जिद्दीची मशाल' म्हटलं. सोनिका मॅडम खास आल्या होत्या, पहिल्या रांगेत बसून सगळ्यांना सांगत होत्या, "माह्यी खेळाडू आहे." आई दुसऱ्या रांगेत बसली होती, अंगणवाडीची साडी नेसून, आणि किती दिवसांनी तरी मान ताठ करून. खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, पुढं माईक आला.

खरं सांगते, मी बोलायला उठले ते आभार मानायला. पण आईची ती ताठ मान बघितली आणि वाटलं, ही मान माझ्या खोट्यावर उभी आहे.

"मी काल तीन पेन्सिली खाल्ल्या," मी माईकवर म्हणाले. माईक चांगला होता. चौथ्या मजल्यापर्यंत गेलं.

मग काका उठले, शाल घडी करून खुर्चीवर ठेवली, खिशातून पन्नी काढून टेबलावर नारळाशेजारी ठेवली आणि म्हणाले, "पोट्टी एकटी नव्हती."

कुसुमताईंनी कपाळाला हात लावला. मागून कोणीतरी विचारलं, "मंग पुरणपोळी आहे का कॅन्सल?"

आई उठली. मला वाटलं आता कानाखाली. पण ती टेबलापाशी आली आणि अंगणवाडीतल्या बाईला विचारावं तसं हळू आवाजात तिनं विचारलं, "गोळ्या घेऊन राहिली ना तू?"

हा प्रश्न एकवीस दिवसांत पहिल्यांदा आला होता. माईक अजून सुरू होता आणि मी आता खरं बोलायला सरावले होते. "नाही. शाळेत दर सोमवारी वाटतात ती लोहाची निळी गोळी मी मनीप्लांटच्या कुंडीत टाकते. डॉक्टरबाईंनी दिलेल्या लाल गोळ्या रोज खाली कुसुमताईंच्या जास्वंदीत."

"अगं बाई!" कुसुमताई किंचाळल्या. "म्हणून यंदा इतकी फुलली!"

लोक हसले. आई हसली नाही. ती वर गेली आणि गोळी आणि लिंबूपाण्याचा पेला घेऊन खाली आली. "आऽ कर." साठ माणसांसमोर, अंगावर शाल घेऊन, मी आऽ केलं. तिनं जिभेखालीसुद्धा बघितलं. मग टाळ्या पडल्या. त्या मात्र खऱ्या होत्या, असं मला वाटतं.

दोन दिवस आई माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी, डोळे माझ्यावर न ठेवता, म्हणाली, "रक्त कमी असलं का माती-खडूची अशी ओढ लागते. दहा बायांले मी सांगितलं असन हे. तुले सांगायचं राहून गेलं." मला रागावली असती तर परवडलं असतं.

मग रोज रात्रीच्या जेवणानंतर गोळी, लिंबूपाणी, आऽ. कोणी दिवस मोजले नाहीत, बोर्डावर आता पार्किंगचं भांडण लागलं होतं. पप्पांच्या अर्जाला सोनिका मॅडमनीच माझ्या दप्तरातली नमुन्याची पेन्सिल जोडली आणि सत्यवतीबाईंनी ती कागदावर घासून बघून सही केली. चौथ्या आठवड्यात कधीतरी भूमितीच्या तासाला कंपास शोधताना इतवारीचा डबा हाताला लागला. मी एक पेन्सिल काढून हुंगली. तिला पेन्सिलीचा वास येत होता. एवढंच. मी डबा आईला अंगणवाडीसाठी देऊन टाकला.

काकांचं इतकं सोपं नाही. "तुले गोळी आहे, मले काय आहे?" असं ते एकदा म्हणाले, तेव्हा आई त्यांना सरकारी दवाखान्यात तंबाखू सोडवणाऱ्या समुपदेशकाकडं घेऊन गेली. ते आता दर मंगळवारी जातात. अठरावी खेप आहे, पण या खेपेला सोबत आहे, असं म्हणतात. आणि सकाळी सहाला अजूनही मला मैदानावर सोडतात.

दोन महिने भरले त्या दिवशी आई सुट्टी टाकून माझ्यासोबत आली. दवाखान्याचा जिना चढताना ती मध्ये एकदा कठड्याला धरून थांबली. मी दोन-दोन पायऱ्या चढून वर जाऊन तिची वाट बघत उभी होते आणि मला माझाच अभिमान वाटत होता.

डॉक्टरबाईंनी टोचलं. मी डोळे मिटले.

"दहा पूर्णांक दोन," त्या म्हणाल्या आणि दाखल्यावर 'खेळण्यास योग्य' असं लिहिलं. मी ओरडले. बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावली. आईनं दाखला दोन्ही हातांत धरून दोनदा वाचला, आणि डॉक्टरबाईंचं लक्ष कागद धरलेल्या त्या हातांकडे गेलं. नखं पांढरीफटक होती.

"ताई, तुमचं कधी तपासलं?"

"माह्यं काय तपासायचं? मी तर गोळ्या वाटते."

"वाटता. घेता का?"

आईनं बोट पुढे केलं, मी केलं होतं तसंच.

सात पूर्णांक नऊ. माझ्या सगळ्यात वाईट आकड्यापेक्षाही खाली. मी जिन्यावर दोन-दोन पायऱ्या चढत होते ते मला आठवलं आणि कुठं बघावं कळेना. त्या आकड्यावर ती वॉर्डभर पायी फिरत होती, घरी येऊन भाकरी थापत होती, आणि माझ्या जिभेखाली बघत होती.

सामने उमरेडला झाले. दुसऱ्या फेरीत आम्ही एका गुणानं हरलो. मी दोन मिनिटं दहा सेकंद कोणाच्या हाताला लागले नाही आणि गणपतकाकांनी आपल्या जुन्या गावात पंचांशी भांडण उकरून काढलं. सोनिका मॅडम म्हणाल्या, पुढच्या वर्षी बघू. बघूच.

पण सध्या माझं मुख्य काम वेगळं आहे. रात्री जेवणं झाली की आईला चहा लागतो. लग्नाच्या आधीपासूनची सवय आहे तिची, आणि डॉक्टरबाईंनी सांगितलं आहे की जेवणावर चहा घेतला तर गोळीचा निम्मा उपयोग वाया जातो. म्हणून चहाचं भांडं मी घासून उंच फळीवर ठेवते आणि लिंबूपाण्याचा पेला घेऊन तिच्यासमोर उभी राहते.

"जा, अभ्यास कर. मी घेते मंग," ती म्हणते.

मी जात नाही. ती गोळी तोंडात टाकते, पाणी पिते, तोंड वाकडं करते. "आऽ कर," मी म्हणते. ती करते. मी जिभेखाली बघते, मग तिची खालची पापणी हळूच ओढून दिव्याच्या उजेडात आत बघते. अजून फिकटच आहे.

"किती दिवस अशी पाहत राहशील वं?" काल तिनं विचारलं.

"लाल होईपर्यंत," मी म्हणाले.